लघुउद्योगाची उभारणी

अल्प भांडवलावर नवा व्यवसाय सुरू करून तो स्वतःच्या उत्पन्नावर चालू लागेपर्यंतच्या प्रक्रियेस लघुउद्योगाची उभारणी असे म्हणतात. नोंदणी झाली व यंत्र बसले की उभारणी संपली, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः विक्रीतून आलेल्या पैशावर कच्चा माल, मजुरी, भाडे व व्याज भागू लागेपर्यंत हा काळ चालतो आणि त्यात बहुधा घरची शिल्लक, दागिने किंवा शेतजमीन अडकलेली असते. एकल मालकीच्या व्यवसायात मालकाचे दायित्व अमर्यादित असल्यामुळे उद्योग बुडाल्यास धनको त्याच्या खाजगी मालमत्तेकडेही वळू शकतात.

उभारणीचे अर्थकारण एका स्थानिक उदाहरणाने स्पष्ट होईल. जळगाव शहरानजीकचे असोदा हे गाव कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे जन्मस्थान म्हणून व भरिताच्या वांग्यांसाठी प्रसिद्ध आहे. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर ही वांगी भाजतात, साल काढून गर ठेचतात व त्यास हिरवी मिरची, लसूण व कांद्याच्या पातीची फोडणी देतात. हिवाळ्यात जळगावात असे तयार भरीत वजनावर विकले जाते. समजा, एखाद्या कुटुंबाने हा व्यवसाय आरंभिला. वांगी, तेल, मसाला, सरपण व वेष्टन यांचा खर्च किलोमागे १४० रु., विक्रीची किंमत २०० रु. आणि जागेचे भाडे, मदतनिसाचा पगार इ. स्थिर खर्च दरमहा १२,००० रु. आहे. किलोमागे उरणाऱ्या ६० रुपयांतून स्थिर खर्च भागविण्यास महिन्याला २०० किलो, म्हणजे दररोज सुमारे पावणेसात किलो भरीत खपले पाहिजे. यास समतोल बिंदू म्हणतात. येथे घरच्या माणसांची मजुरी धरलेली नाही. ती न धरण्याची आपल्याकडील रूढी घातक आहे; कारण तीमुळे तोट्यातील धंदाही वर्षानुवर्षे फायद्याचा भासतो.

रोखीने विकणाऱ्यास एवढा हिशेब पुरतो. परंतु हेच भरीत उपाहारगृहास ४५ दिवसांच्या उधारीवर दिल्यास चित्र पालटते. समतोल बिंदूइतक्या खपासाठी महिन्याचा एकूण खर्च ४०,००० रु. येतो; म्हणून पहिला रुपया हाती येण्यापूर्वी दीड महिन्याचे ६०,००० रु. घालावे लागतात. यास खेळते भांडवल म्हणतात. खप वाढला की ही गरजही वाढते. त्यामुळे मागणी भरपूर, वहीत नफा आणि तरी मजुरी द्यायला पैसे नाहीत, अशी अवस्था येते. नवउद्योजक यंत्रासाठी कर्ज काढतो आणि खेळत्या भांडवलाचा विचार मागाहून करतो, ही उभारणीतील सर्वांत सामान्य चूक होय.

उधारीच्या जाचावर कायद्याचा उपाय आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म वा लघुउद्योगाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत, व ती ठरली असली तरी कमाल ४५ दिवसांत, रक्कम चुकती करावयाची असते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज देय होते. तथापि ज्याचा एकच मोठा गिऱ्हाईक आहे, त्याने त्याच्याविरुद्ध सुविधा परिषदेकडे जावे, ही अपेक्षा कागदावरच राहते.

साहाय्यक संस्थांचे जाळे महाराष्ट्रात जुने आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले; जिल्हा उद्योग केंद्रांची योजना १९७८ मध्ये सुरू झाली. २००८ पासूनच्या पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात प्रकल्पखर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते. मात्र ही रक्कम उद्योजकाच्या हाती न पडता तीन वर्षे बँकेत मुदत ठेव म्हणून राहते व नंतर कर्जात वळती होते. तिच्यावर भिस्त ठेवून वांगी खरेदी करता येत नाहीत. खाद्यपदार्थांच्या व्यवसायास याखेरीज अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाखालील नोंदणी वा परवाना लागतो.

खानदेशातील सर्वपरिचित उदाहरण भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांचे आहे. जामनेर तालुक्यातील वाकोदच्या या तरुणाने १९६३ मध्ये कुटुंबाच्या ७,००० रु. बचतीवर रॉकेलविक्रीने आरंभ केला. पुढे शेतीस लागणाऱ्या विविध वस्तूंच्या विक्रीमुळे शेतकऱ्याला काय हवे, तो पैसे केव्हा देतो आणि कशासाठी हात आखडतो, याचे ज्ञान त्यांना झाले. कारखानदारी त्यानंतरची : केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना घेऊन १९७८ मध्ये त्यांनी पपईच्या चिकापासून पपेन तयार करण्यास प्रारंभ केला, १९८० मध्ये पीव्हीसी नळ्या व त्याच दशकात ठिबक सिंचन संच हाती घेतले. आधी व्यापार व मग उत्पादन हा क्रम अल्प भांडवलाच्या उद्योजकास विशेष सोयीचा आहे. कारण व्यापारात पैसा लवकर फिरतो आणि चूक झाल्यास मोडते घेता येते. रोकडीची अडचण मात्र उद्योग मोठा झाला म्हणून संपत नाही. याच उद्योगसमूहाच्या मुख्य कंपनीस २०१९ मध्ये कर्जफेड थकल्याने पुढे कर्जाची पुनर्रचना करून घ्यावी लागली.

असोद्याच्या उदाहरणात आणखी एक प्रश्न राहतो. चंपाषष्ठीच्या सुमारास भरिताला मोठी मागणी असते, परंतु उन्हाळा लागताच चांगली वांगी मिळेनाशी होतात आणि भाडे तर बारा महिने द्यावे लागते. चार महिन्यांच्या हंगामावर वर्षाचे, म्हणजे १,४४,००० रुपयांचे, भाडे-पगार काढावयाचे झाल्यास दरमहा २०० नव्हे, ६०० किलो खप हवा. यावर दोन मार्ग संभवतात : मोसमापुरतीच जागा घेणे, किंवा चैत्र-वैशाखात त्याच जागेत व त्याच माणसांकडून ज्वारीच्या बिबड्या, पापड व कुरडया करून घेणे. दुसऱ्या मार्गात माल टिकाऊ असल्याने नासाडी टळते. पण तो वर्षभर विकावयाचा असल्यामुळे खेळते भांडवल अधिक काळ गुंतते.