कचरा जातो कुठे?

गावात घरामागे उकिरडा असतो. चुलीतली राख, शेण, भाजीचे देठ, गोठ्यातला पालापाचोळा सारे त्यावर पडते. वर्षभर ते कुजते. उन्हाळ्यात त्याचे खत गाडीत भरून रानात जाते. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. खरे तर चांगल्या उकिरड्याला बारा महिनेच पुरतात.

शहरात घरामागे उकिरडा नाही आणि रानही नाही. पुण्यासारख्या शहरात माणसे मजल्यावर मजले चढवून राहतात. मग तिथला कचरा जातो कुठे? तो उचलतो कोण? त्याचा त्रास कोणाला होतो? ते आम्ही या पाठात सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, "शहराच्या कचऱ्याशी आमचा काय संबंध?" संबंध आहे. पुढे वाचा, म्हणजे कळेल.

हे काम कोणाचे?

गावाचा कारभार ग्रामपंचायत पाहते. लहान शहराचा कारभार नगरपरिषद पाहते. मोठ्या शहराचा कारभार महानगरपालिका पाहते. पुण्यात नगरपालिका १८५७ साली सुरू झाली. १५ फेब्रुवारी १९५० रोजी तिची महानगरपालिका झाली. पाणी, रस्ते, गटारे, दिवाबत्ती आणि झाडलोट ही तिची कामे. त्यासाठी ती लोकांकडून घरपट्टी घेते. म्हणजे ही कामे म्हणजे कोणाचा उपकार नव्हे. ती लोकांच्या पैशातून लोकांसाठी होतात. म्हणून ती कशी होतात, हे लोकांना ठाऊक हवे.

पुण्यात आज रोज २,००० टनांहून अधिक कचरा निघतो. एक टन म्हणजे दहा क्विंटल. एका बैलगाडीत एक टन कचरा धरला, तर रोज दोन हजार गाड्या भरतील. गाडीमागे गाडी उभी केली, तर रांग कित्येक मैल लांब जाईल. आणि ही झाली एका दिवसाची रांग. उद्या पुन्हा तेवढीच.

कचरा गावाच्या दारात

पूर्वी पुण्याचा कचरा कोथरूडला टाकत. तेव्हा कोथरूड शहराच्या कडेला होते. पुढे तिथे वस्ती वाढली. कचऱ्याच्या त्या जागेवर आज मेट्रोच्या गाड्यांचा डेपो आहे. शहराचा कचरा मात्र आणखी लांब जाऊ लागला. हडपसरच्या पलीकडे, सासवडच्या वाटेवर, उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे आहेत. तिथे तो पडू लागला.

वर्षानुवर्षे गाड्या येत राहिल्या. कचऱ्याचे डोंगर झाले. भाजीपाला, उष्टे अन्न, प्लास्टिक, चिंध्या, औषधांच्या बाटल्या, सारे एकत्र. पाऊस पडला की पाणी त्या डोंगरातून झिरपे. काळे, घाण पाणी जमिनीत उतरे. आसपासच्या विहिरी नासल्या. शेतकऱ्याच्या घरची विहीर, पण तिचे पाणी तोंडात घेता येईना. पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहायची पाळी आली. वास आणि माश्या तर रोजच्याच.

त्यात आगीचे संकट. कचऱ्याला आग कशी लागते? ओला कचरा दाबून राहिला, त्याला हवा लागली नाही, म्हणजे कुजताना त्यातून एक वायू निघतो. आपल्या गोबरगॅसमध्ये हाच वायू असतो. टाकीत धरला तर तो चूल पेटवतो. डोंगराच्या पोटात साठला तर डोंगर पेटवतो. मग त्यातले प्लास्टिक जळते आणि विषारी धूर गावावर पसरतो.

२०१७ सालच्या एप्रिल महिन्यात या डेपोला अशीच मोठी आग लागली. गावकऱ्यांचा धीर सुटला. त्यांनी शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तीन आठवडे गेले, तरी ते हटले नाहीत. पुण्यात जागोजाग ढीग साचले. नाकाला पदर लावून चालायची वेळ शहरावर आली. गाडीत टाकला की कचरा संपला, असे शहराला वाटत होते. तो संपत नव्हता. तो दुसऱ्याच्या दारात जाऊन पडत होता.

त्याच वर्षी ही दोन्ही गावे महानगरपालिकेच्या हद्दीत घेतली गेली. पुढे २०२४ साली ती बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. पाट्या बदलल्या. पण जमिनीत मुरलेली घाण पाटी बदलून जात नाही. तिला निस्तरायला फार वर्षे लागतात आणि फार पैसा लागतो.

कचरा वेचणाऱ्या बाया

आता दुसरी बाजू पाहू. कचऱ्यात सगळी घाणच असते काय? नाही. त्यात कागद असतो, काच असते, पत्रा असतो, प्लास्टिक असते. हे सारे भंगारात विकले जाते. कारखान्यात त्याचा पुन्हा माल होतो.

हा माल वेचायचे काम पुण्यात पिढ्यानपिढ्या गरीब बाया करत आल्या. त्यांतल्या पुष्कळ जणी आपल्यासारख्याच खेड्यांतल्या. १९७२ साली मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, कामे संपली. मराठवाड्यातून, सोलापूरकडून कुटुंबेच्या कुटुंबे शहरात आली. जमीन नाही, शिक्षण नाही, त्यात जातीमुळे चांगले काम कोणी देईना. मग बाईने पोते खांद्याला लावले आणि कचराकुंडीत हात घातला. काच लागे, पत्रा कापे. कुत्री अंगावर येत. लोक नाक मुरडत. काही हरवले की पहिला संशय तिच्यावर. दिवसभर वेचून भंगारवाला देईल ते घ्यायचे.

१९९० साली एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या या वस्त्यांत गेल्या. अक्षरे शिकवायची, हा त्यांचा हेतू. बायांशी बोलता बोलता एक साधी गोष्ट पुढे आली. घरातच ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवला, तर बायांना उकिरडा उपसावा लागणार नाही. स्वच्छ माल हातात मिळेल. दोन पैसे अधिक मिळतील. काही बायांनी घरोघर जाऊन असा सुका माल घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यात एक व्यापारी आपली गाडी घेऊन त्याच कामात उतरला. आजवर ज्या कचऱ्याकडे कोणी पाहत नव्हते, त्यात पैसा आहे म्हटल्यावर मालक उभा राहिला! बायांनी गाडी अडवली. एकटीदुकटीचे कोणी ऐकत नाही, हे त्यांना तेव्हा पुरते कळले.

मग १९९३ साली पुण्यात त्यांची परिषद भरली. हमाल पंचायत उभी करणारे बाबा आढाव पुढे होते. त्यातून 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना झाली. संघटनेने बायांना ओळखपत्रे दिली. महानगरपालिकेने ती मान्य केली. हे केवढे मोठे काम झाले, पाहा. कालपर्यंत 'कचरेवाली' म्हणून हाकलत होते. आता तिच्याजवळ फोटो आणि नाव असलेला कागद होता. "मी चोर नाही, मी कामकरी आहे," हे ती तो कागद दाखवून सांगू शकत होती.

'स्वच्छ' संस्था

२००० साली केंद्र सरकारने शहरांच्या कचऱ्याबाबत नियम केले. कचरा घरोघरून गोळा करावा आणि ओला-सुका वेगळा ठेवावा, असे त्यांत होते. पंचायतीच्या बाया म्हणाल्या, "हे काम आम्हीच करतो आहोत. आम्हालाच द्या." २००७ साली त्यांची 'स्वच्छ' नावाची सहकारी संस्था नोंदली गेली. २००८ साली महानगरपालिकेने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला. पुढे २०१६ साली नवा करार झाला. या संस्थेचे सभासद तीन हजारांहून अधिक आहेत. त्यांत बायाच जास्त.

काम कसे चालते, ते पाहू. सकाळी बाई ढकलगाडी घेऊन घरोघर जाते. ओला कचरा एका डब्यात घेते, सुका दुसऱ्या गोणीत. ओला कचरा पालिकेच्या गाडीत जातो. त्याचे खत होते, काही ठिकाणी गॅस होतो. सुका कचरा ती बसून निवडते. कागद वेगळा, काच वेगळी, पत्रा वेगळा. तो भंगारात विकते. ते पैसे तिचे. शिवाय दर घराकडून तिला महिन्याला ठरलेली रक्कम मिळते. म्हणजे शहर स्वच्छ होते, कारखान्याला माल मिळतो आणि बाईच्या घरी चूल पेटते. आणि जेवढा माल ती बाजूला काढते, तेवढा कचरा कोणा गावाच्या माथी जात नाही.

पण एक अट आहे. घरात वेगळे केले, तरच हे सारे जमते. उष्टी आमटी वर्तमानपत्रावर सांडली की तो कागद वाया गेला आणि खतही नासले. दोन चांगल्या वस्तू एकत्र केल्या आणि घाण तयार झाली. वेगळा ठेवला तर तो माल आहे. एकत्र केला तर तो कचरा आहे.

आणखी एक गोष्ट. बाईच्या हाताला लागेल असे काही उघडे टाकू नये. फुटलेली काच, दाढीचे पाते, सुई कागदात नीट गुंडाळावी. पाळीच्या वेळी वापरलेले पॅड किंवा मुलांचे लंगोट कागदात बांधून वर लाल खूण करावी. लाल खूण दिसली की ती पुडी कोणी उघडत नाही. एका लाल ठिपक्याने दुसऱ्याचा हात वाचतो.

आपल्या गावात काय?

आता आपल्या उकिरड्याकडे वळू. पूर्वी त्यावर पडणारी प्रत्येक वस्तू कुजत होती. आज तसे राहिले नाही. दुधाची पिशवी, गुटख्याची पुडी, खाऊचे पाकीट, बियाण्याची थैली, सारे तिथेच पडते. प्लास्टिक कुजत नाही. ते खताबरोबर रानात जाते. पाऊस पडला की ओढ्यात अडकते. गाय ते अन्नासोबत खाते. तिच्या पोटात त्याचा गोळा होतो आणि जनावर हातचे जाते.

कोणी म्हणेल, "एवढ्याशा पिशवीनं काय होतंय?" उरुळीचा डोंगरही एवढ्याएवढ्याशा पिशव्यांचाच झाला.

तेव्हा एवढे करा. घरात दोन भांडी ठेवा. एकात ओले, एकात सुके. ओले उकिरड्यात किंवा खड्ड्यात टाका, त्यावर थोडी माती पसरा. सुके धुऊन, वाळवून पोत्यात साठवा आणि भंगारवाल्याला द्या. प्लास्टिक जाळू नका. त्याचा धूर आपल्याच घरात येतो. औषध फवारणीचे रिकामे डबे पाण्यासाठी वापरू नका आणि ओढ्यातही टाकू नका.

आणि ग्रामसभेत जाऊन विचारा: आपल्या गावचा कचरा जातो कुठे? तिथे कोणाची विहीर आहे? कचरा उचलणाऱ्या माणसाला हातमोजे आहेत का? त्याची मजुरी वेळेवर मिळते का? उत्तर कागदावर मागा. तुम्हाला आता वाचता येते. तो कागद वाचून सभेत मोठ्याने सांगा, म्हणजे ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांनाही कळेल.