ब्रॉन्क्सच्या वस्तीतील लेक न्यायासनावर

माणूस जन्माला येतो घरात. पण वाढतो मात्र वस्तीत. घर त्याला नाव देते, वस्ती त्याला ओळख देते. ‘कोठे राहता?’ या एका प्रश्नाच्या उत्तरावरून समोरचा माणूस आपली लायकी ठरवून मोकळा होतो. मुलगी असेल तर तिच्याकडे पाहण्याची नजरही त्याच उत्तरावर बदलते. मग बदनाम वस्तीत वाढणाऱ्या मुलीने करावे तरी काय? पत्ता लपवावा? भाषा बदलावी? की मोठे झाल्यावर त्या वस्तीकडे पाठ फिरवावी?

यांपैकी काहीही न करता अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन बसलेल्या एका लेकीची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे, विशेषतः आमच्या आयाबहिणींपुढे ठेवीत आहोत. तिचे नाव सोनिया सोटोमायोर.

बेटावरून शहराकडे

सोनियाचे आईवडील प्वेर्तो रिको या कॅरिबियन समुद्रातील बेटावरचे. १८९८ साली हे बेट स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात गेले आणि १९१७ साली तेथील लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. म्हणजे कायद्याने हे लोक परके नव्हेत. परंतु कायदा एक सांगतो आणि समाज दुसरेच वागतो! दुसऱ्या महायुद्धानंतर कामधंद्याच्या शोधात प्वेर्तो रिकोचे हजारो लोक न्यूयॉर्कला आले. तेथे त्यांच्या वाट्याला आली ती कमी पगाराची कामे, दाटीवाटीची घरे आणि ‘हे बाहेरचे’ ही नजर. मूळ लॅटिन अमेरिकेतील अशा लोकांना तेथे लॅटिनो म्हणतात आणि स्त्रियांना लॅटिना.

आई सेलिना हिच्या डोक्यावर लहानपणीच आईबापाचे छत्र उरले नव्हते. युद्धकाळात अमेरिकन सैन्याच्या महिला दलात भरती होऊन तिने बेट सोडले. पुढे ती दवाखान्यात परिचारिका झाली. वडील हुआन हे कारखान्यातील कामगार. शिक्षण तिसरीपर्यंत. इंग्रजी त्यांना येत नव्हते. अशा घरात २५ जून १९५४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात सोनियाचा जन्म झाला.

ती तीन वर्षांची असताना हे कुटुंब ब्रॉन्क्सडेल हाउसेस या वसाहतीत राहायला आले. कष्टकरी कुटुंबांसाठी शासनाच्या पैशाने बांधलेल्या विटांच्या २८ इमारती, प्रत्येक इमारत सात मजली. सुरुवातीला ही वसाहत नवी कोरी आणि स्वच्छ होती. निरनिराळ्या वंशांची, निरनिराळ्या भाषा बोलणारी माणसे तेथे शेजारी म्हणून नांदत होती. सोनियाची आई परिचारिका असल्यामुळे कोणाला ताप आला, कोणाला इंजेक्शन हवे असले की शेजारीपाजारी तिच्याच दारी येत. ‘आपले शिक्षण म्हणजे शेजाऱ्याच्या अडीनडीला उपयोगी पडणे’ हा पहिला धडा मुलीने घरातच पाहिला.

शेगडीवरची सुई

सोनिया सात वर्षांची असताना तिला मधुमेह असल्याचे निदान झाले. रोज इन्सुलिनची सुई टोचणे आले. वडिलांना दारूचे व्यसन, त्यामुळे त्यांचे हात थरथरत. सुई कोणी द्यायची यावरून आईबापांचे भांडण जुंपले. ते भांडण ऐकून त्या पोरीने ठरविले की, आपली सुई आपणच टोचून घ्यायची. त्या काळी काचेची पिचकारी आणि सुई पाण्यात उकळून घ्यावी लागे. खुर्ची ओढून ती शेगडीपाशी उभी राहिली आणि आईने तिला गॅस पेटविण्यापासून सारे शिकविले. वाचकहो, ज्या वयात मुले बाहुलीशी खेळतात त्या वयात ही मुलगी स्वतःच्या जिवाची जबाबदारी घेत होती!

सोनिया नऊ वर्षांची असताना वडील वारले. घरात काळोख दाटला. आई कामावरून येई आणि खोलीचे दार लावून घेई. त्या उन्हाळ्यात सोनियाने जवळच्या वाचनालयाची वाट धरली आणि पुस्तकांत आसरा शोधला. पुढे आई सावरली. घरात इंग्रजी बोलायचे असे तिने ठरविले. कारण घरची स्पॅनिश आणि शाळेची इंग्रजी यांच्या ओढाताणीत मुले मागे पडत होती. तुटपुंज्या पगारातून हप्ते भरून तिने मुलांसाठी ‘एनसायक्लोपीडिया ब्रिटानिका’ हा ज्ञानकोश घेतला. त्या वसाहतीत ही गोष्ट दुर्मिळच होती. मुले मोठी झाल्यावर सेलिनाने स्वतः कॉलेजात नाव घातले आणि वरच्या दर्जाच्या परिचारिकेची परीक्षा दिली. आई अभ्यासाला बसली की मुलांना वेगळे सांगावे लागत नाही!

शाळेत हुशार मुलांना सोनेरी तारे मिळत. सोनियाला ते मिळत नसत. तेव्हा ती सरळ वर्गातील सर्वांत हुशार मुलीकडे गेली आणि ‘तू अभ्यास कसा करतेस?’ असे तिने विचारले. विचारण्यात कमीपणा मानला नाही. त्या मुलीनेही मनमोकळेपणाने सांगितले आणि सोनियाला तारे मिळू लागले. पुढे जन्मभर ही विचारण्याची सवय तिच्या कामी आली.

गुप्तहेर व्हावे असे तिला वाटे, पण मधुमेह असलेल्याला ते काम जमणार नाही असे समजले. मग दूरदर्शनवर ‘पेरी मेसन’ ही वकिलाची मालिका पाहून तिने वकील होण्याचे ठरविले. पाहता पाहता तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. एवढा मोठा वकील, पण तोही परवानगी मागतो ती न्यायाधीशाकडे! त्या वस्तीत तिच्या ओळखीचा एकही वकील नव्हता, न्यायाधीश तर दूरच.

लहानपणी प्वेर्तो रिकोला गेल्यावर तिला आणखी एक नवल दिसले. तेथे डॉक्टर, पोलीस, अधिकारी सारे आपल्यासारखेच लोक होते. न्यूयॉर्कमध्ये मात्र आपली माणसे कारखान्यात आणि झाडलोटीच्या कामात! म्हणजे उणीव रक्तात नव्हती, संधीत होती. हे बालमनाला जेव्हा कळते, तेव्हा ओळखीचा पाया पक्का होतो.

एकाच वस्तीची दोन लेकरे

पण वस्तीचे सारेच गोड नव्हते. ब्रॉन्क्समधून मोठा द्रुतगती महामार्ग काढण्यासाठी हजारो कुटुंबांची घरे पाडली गेली. बँकांनी या भागाला कर्ज देणे बंद केले. १९७० च्या दशकात कित्येक घरमालकांनी विम्याच्या पैशासाठी स्वतःच्याच इमारती पेटवून दिल्या. जग म्हणू लागले, ब्रॉन्क्सचे लोकच तसले! आग लावणारा हात वेगळा आणि बदनाम होणारे तोंड वेगळे, असाच हा प्रकार. त्यातच हेरॉइनचे विष पसरले. वसाहतीच्या जिन्यांत नशेच्या सुया दिसू लागल्या. एका सुईने सोनियाचा जीव वाचत होता, तर दुसऱ्या सुईने वस्तीतील तरुण मरत होते.

सोनियाच्या आजीचे घर म्हणजे या सर्व गोतावळ्याचे विसाव्याचे ठिकाण. शनिवारी रात्री तेथे सारे नातेवाईक जमत. गाणे-बजावणे होई, सोंगट्यांचा डाव रंगे, आजी तोंडपाठ कविता म्हणे. याच आजीचा आणखी एक नातू सोनियाच्या बरोबरीचा आणि तिचा जिवलग. तो आपल्यापेक्षाही हुशार होता, असे सोनियाबाईंनी आपल्या आत्मचरित्रात स्वतः लिहून ठेवले आहे. तोच आजीचा लाड, तीच वस्ती, तीच भाषा. परंतु तो हेरॉइनच्या आहारी गेला आणि १९८० च्या दशकात ऐन तारुण्यात एड्सने मरण पावला.

तो का गेला आणि मी का वाचले? हा प्रश्न सोनियाबाईंना जन्मभर छळत आला. आपल्या परीने त्या उत्तर शोधतात. मुलींना घरात जपायचे आणि मुलांना ‘पुरुष’ होण्यासाठी रस्त्यावर सोडायचे, ही समाजाची रीत त्याला नडली, असे त्या म्हणतात. आपल्याजवळ जिद्द होती, ती त्याच्याजवळ नव्हती, हेही सांगतात. आम्हाला येथे एवढेच म्हणावयाचे आहे की, वस्तीतून एक मुलगी पुढे गेली म्हणजे वस्तीचा प्रश्न सुटत नाही. जो मागे राहिला त्याचा हिशेब समाजाला द्यावाच लागतो. मुलीला आठच्या आत घरात बोलावणारे आईबाप मुलगा रात्री कोठे असतो हे विचारतात काय?

‘तू इथे कशी?’

सोनिया शाळेत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली आणि १९७२ साली प्रिन्स्टन या नामांकित विद्यापीठात गेली. प्रवेश मिळण्याची चिन्हे दिसू लागली तेव्हाच शाळेतील एका परिचारिकेने तिला हटकले होते : तुझ्याहून वर नंबर असलेल्या मुलींना खात्री नाही आणि तुला कशी मिळाली? वर्षानुवर्षे दारे बंद राहिलेल्या समाजगटांतील मुलांना प्रवेशात विशेष संधी देण्याचे धोरण त्या काळी होते. ते आपल्याला लागू झाले, हे सोनियाबाईंनी कधीही लपविले नाही. दार त्या धोरणाने उघडले. आतली पायरी मात्र स्वतःच चढावी लागली, हे त्यांचे सांगणे आहे.

आणि ती पायरी सोपी नव्हती. प्रिन्स्टनने मुलींना प्रवेश देण्यास नुकतीच, १९६९ साली सुरुवात केली होती. लॅटिनो विद्यार्थी तर बोटांवर मोजण्याइतके. पहिल्याच लेखनाला गुण कमी पडले. शब्द इंग्रजी होते, पण वाक्याची घडण स्पॅनिश होती! मुलगी रडत बसली नाही. सुट्टीत व्याकरणाची पुस्तके आणून ती पहिल्यापासून शिकली. शाळकरी वयात इतर मुले वाचतात ती इंग्रजी पुस्तकेही तिने तेव्हा वाचून काढली. त्याच वेळी विद्यापीठात प्वेर्तो रिकन अध्यापक व कर्मचारी का नाहीत, असा प्रश्न विचारून १९७४ साली तिने व तिच्या सोबत्यांनी सरकारकडे रीतसर तक्रार केली. १९७६ साली ती सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाली आणि विद्यार्थ्यांना मिळणारा तेथील सर्वांत मोठा मान, पाइन पुरस्कार तिला मिळाला.

पुढे येल विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेताना एका मोठ्या वकिली कंपनीच्या भागीदाराने जेवणाच्या टेबलावरच तिला विचारले की, तू प्वेर्तो रिकन आहेस म्हणूनच तुला प्रवेश मिळाला ना? तिने विद्यापीठाकडे तक्रार नोंदविली. कंपनीला माफी मागावी लागली.

१९७९ ते १९८४ पर्यंत त्यांनी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात सरकारी वकील म्हणून काम केले. १९९२ साली त्या संघराज्याच्या न्यायालयात न्यायाधीश झाल्या, १९९८ साली अपील न्यायालयात गेल्या. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्यांचे नाव सुचविल्यानंतर सिनेटने ६८ विरुद्ध ३१ मतांनी मान्यता दिली आणि ८ ऑगस्ट २००९ रोजी त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती म्हणून शपथ घेतली. ज्या बायबलवर हात ठेवून शपथ घेतली ते हातात धरून उभी होती आई सेलिना. त्या न्यायालयाच्या इतिहासातील या पहिल्या लॅटिना न्यायमूर्ती.

नेमणुकीच्या वेळी त्यांच्या एका जुन्या भाषणावरून वादळ उठले होते. आपल्या जीवनानुभवामुळे शहाणी लॅटिना स्त्री न्यायनिवाड्यात अधिक चांगल्या निष्कर्षाला येऊ शकेल, अशा आशयाचे ते २००१ सालचे भाषण. शब्दांची निवड चुकली, असे त्यांनी सिनेटपुढे मान्य केले. परंतु अनुभवाला न्यायदानात मोल असते हे त्यांच्या निकालपत्रांतून दिसत राहिले. २०१४ साली एका खटल्यात त्यांनी दीर्घ मतभेदपत्र लिहिले. एखादी तरुणी आपले गाव सांगते, तरी तिला ‘नाही, पण तू मूळची कुठली?’ असे पुन्हा विचारले जाते, मग तिच्या कितीही पिढ्या त्या देशात गेलेल्या असोत. म्हणून वंशाचा प्रश्न संपलेला नाही, असे त्यांनी त्यात मांडले. ज्या धोरणाने त्यांना दार उघडून दिले ते सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बहुमताने मोडीत काढले. त्याही वेळी सोनियाबाईंनी विरोधी मत नोंदविले. बहुमत नसले तरी मत नोंदवून ठेवावे लागते. उद्याच्या पिढीला ते उपयोगी पडते.

वस्तीला लेकीचे नाव

२०१० च्या जून महिन्यात ब्रॉन्क्सडेल हाउसेस या वसाहतीचे नाव बदलण्यात आले. आता त्या २८ इमारती ‘न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर हाउसेस’ म्हणून ओळखल्या जातात. ज्या वस्तीने मुलीला ओळख दिली, त्या वस्तीला मुलीने आपले नाव दिले. आज त्या वसाहतीतील एखाद्या पोरीला कोणी विचारले, ‘कोठे राहतेस?’ तर तिच्या उत्तरातच एका न्यायमूर्तीचे नाव येते. आम्हाला वाटते, कोणत्याही पदकापेक्षा हा मान मोठा आहे.

तात्पर्य काय? वस्ती माणसाला बुडवतेही आणि तारतेही. तारणारी माणसे कोण होती ते पाहा. हप्त्याने ज्ञानकोश घेणारी आई, दार सदा उघडे ठेवणारी आजी, अभ्यासाची युक्ती सांगणारी वर्गमैत्रीण. यांपैकी कोणीही श्रीमंत नव्हते. अशी माणसे प्रत्येक वस्तीत असतात, फक्त ती मुलांच्या वेळेवर उपयोगी पडली पाहिजेत. म्हणून शेजारची मुलगी काही विचारायला दारात आली तर हातातले काम क्षणभर बाजूला ठेवा. आणि तिच्या भावालाही हाक मारून आत बसवा.