आजीची उडालेली झोप आणि आपले समज

दिवेलागणीच्या सुमारास आजी पडवीतून उठते, पदर खोचते, पिशवीत पंचा भरते आणि म्हणते, "माका घराक जावचा." बसलेली असते ती स्वतःच्याच घरात, वेंगुर्ल्यात. रात्री दोनला कडी वाजवते, दुपारी मात्र ढाराढूर. शेजारीण सुचवते, तिन्हीसांजेचं बाहेरचं काही लागलं असेल, देवचाराला गाऱ्हाणं घाला.

गाऱ्हाणं जरूर घाला, पण डॉक्टरही गाठा. स्मृतिभ्रंश आणणाऱ्या अल्झायमरमध्ये दिवस-रात्रीचं भान ठेवणारं मेंदूतलं केंद्रच झिजतं. त्यात दिवसभराचा थकवा, अंधुक उजेड आणि मोतीबिंदू झालेले डोळे, म्हणून संध्याकाळी घालमेल वाढते. अंधार पडण्याआधीच दिवे लावावेत, सकाळी आजीला खळ्यात उन्हात बसवावं. "ह्याच तुझा घर" असा वाद घालू नये. "जावया, आधी चाय घेवया" म्हटलं तर बहुतेक वेळा निभतं. हा गोंधळ एक-दोन दिवसांतच अचानक सुरू झाला असेल, तर मात्र लघवीतला जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं किंवा नवं औषध यांपैकी काही कारण असू शकतं. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना.

"वय झाला, झोप कमी जातलीच" हे अर्धंच खरं. म्हातारपणी झोप हलकी होते, मधेमधे मोडते. पण ओळखीची वाट चुकणं हे वयाचं लक्षण नव्हे, आजाराचं आहे.

आता दुसरं टोक. झोप कमी झाली की अल्झायमर होणारच, ही भीती. जागेपणी मेंदूत अमायलॉइड नावाचं, अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन जास्त तयार होतं, गाढ झोपेत कमी. 2018 मध्ये अमेरिकेत 20 निरोगी माणसांना एक रात्र जागवलं, तेव्हा ते सुमारे 5 टक्के वाढलेलं दिसलं. पण एका जागरणाने आजार जडत नाही. तसं असतं तर रात्रभर नाटक करणाऱ्या दशावताराच्या मंडळींचं काही खरं नव्हतं. 2021 चा ब्रिटनमधला अभ्यास जास्त बोलका आहे. सुमारे 8,000 सरकारी नोकरांची 25 वर्षं पाहणी झाली. पन्नाशी-साठीत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका साधारण 30 टक्के जास्त आढळला. तरीही झोप हेच कारण, असं यातून ठरत नाही. अमायलॉइड लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साचू लागतं आणि तेही झोप बिघडवू शकतं. म्हणजे नातं दुहेरी आहे.

झोपेत मेंदूतला कचरा धुऊन निघतो, हेही हल्ली ठामपणे सांगतात. उंदरांवरच्या 2013 च्या प्रयोगातून हे पुढे आलं. 2024 च्या दुसऱ्या प्रयोगात उलट निष्कर्ष निघाला. वाद चालू आहे. त्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांनी स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणं मांडली, त्यांत झोप नाही. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपण, अधू दृष्टी, एकटेपण आहे. झोपेच्या चिंतेत बीपीची गोळी चुकवू नये, एवढं तरी यातून घ्यावं.

घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो, हाही गैरसमजच. घोरता घोरता श्वास अडकत असेल, तर तपासून घ्यायला हवं. त्यावर उपचार आहेत. आणि मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी आजीला परस्पर देऊ नका. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्याही नकोत. त्यांनी गोंधळ वाढतो, आणि रात्री उठताना पडून खुब्याचं हाड मोडतं.

मला जास्त काळजी वाटते ती आजीबरोबर जागणाऱ्या सुनेची. तेरेखोल नदी ओलांडून गोव्यात गेलं की पेडण्याच्या पलीकडे बारदेश लागतो. तिथे आणि तिसवाडीत स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सांभाळणाऱ्या 81 कुटुंबांवर झालेला अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं घरी जाऊन सल्ला आणि आधार देत होती. सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण त्याने कमी झाला. त्या घरी येणाऱ्या मंडळींत मोठे तज्ज्ञ नव्हते.

गणपतीला आलेले चाकरमानी आजीला दिवसा पाहतात आणि "बरी आसा मगे" म्हणतात. त्यांनी निदान चार रात्री आजीच्या खोलीत अंथरूण घालावं आणि वहिनीला दुसऱ्या खोलीत, दार लावून, सकाळपर्यंत झोपू द्यावं.