वस्त्रचित्रण
साध्या, एकरंगी कापडावर किंवा शिवलेल्या कपड्यावर कुंचल्याने रंग देऊन नक्षी काढण्याची गृहकला. कापड रंगविताना रंजक तंतूंच्या आत शिरतो. येथे मात्र पाण्यात न विरघळणाऱ्या रंगद्रव्याचे सूक्ष्म कण तंतूंच्या पृष्ठावरच राहतात आणि ॲक्रिलिक बहुवारिकाचे (लहान रेणूंच्या साखळ्यांनी बनलेल्या संयुगाचे) पटल त्यांना धरून ठेवते. नक्षीचा टिकाऊपणा मुख्यतः या पटलाच्या पकडीवर अवलंबून असतो. याउलट आंध्र प्रदेशातील श्रीकाळहस्तीच्या कलमकारीत तुरटीसारख्या रंगबंधकाच्या साह्याने वनस्पतिज रंग तंतूंतच पक्का करतात.

या कामास सुती कापड उत्तम. नव्या कापडातील खळ आधी धुऊन काढतात. ती राहिल्यास रंग खळीवरच बसतो व धुण्यात तिच्याबरोबर निघून जातो. धुतलेला कपडा वाळवून, इस्त्री करून ताणून बसवितात. रंग मागील बाजूस उतरू नये म्हणून दोन पदरांमध्ये पुठ्ठा घालतात. रंगात पाणी बेताचेच मिसळतात. ते अधिक झाल्यास रंग रेषेबाहेर पसरतो आणि पटल दुबळे होते. गडद कापडावर पारदर्शक रंग उठून दिसत नाहीत. तेथे प्रथम पांढरा थर देतात.

रंग साधारणतः २४ तास वाळल्यावर उलट बाजूने गरम इस्त्री फिरवितात. उष्णतेने बहुवारिकाचे कण एकजीव होऊन पटल पक्के होते. त्यानंतरही काही दिवस कपडा धूत नाहीत. पुढे तो उलटा करून, सौम्य साबणाने, न घासता धुतल्यास नक्षी दीर्घकाळ टिकते.