विकत घेतलेला खेळ आणि दूरची परवानगी

भाईंदर पूर्वेकडील नवघर ही एकेकाळची ग्रामपंचायत. १९८५ मध्ये ती मीरा-भाईंदर नगरपरिषदेत विलीन झाली आणि २००२ मध्ये या नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. येथील स्टीलच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका गृहस्थांनी काही वर्षांपूर्वी मुलासाठी मोटार-शर्यतीचा एक संगणकीय खेळ घेतला होता. अलीकडे संगणकाची हार्ड डिस्क बदलावी लागली, म्हणून त्यांनी तो पुन्हा बसविला. वेष्टणावरील क्रमांक बिनचूक भरला, परंतु सर्व्हरशी संपर्क होत नसल्याचा संदेश पडद्यावर उमटला. तबकडी शाबूत, पावती शाबूत, संगणकही धडधाकट. खेळ मात्र सुरू होईना.

या प्रकारास ऑनलाइन अॅक्टिव्हेशन म्हणतात. खेळ बसविताच संगणकाच्या यंत्रभागांवरून त्याची एक ओळख तयार होते. ती परवाना-क्रमांकासह कंपनीच्या सर्व्हरकडे जाते. या क्रमांकावर किती यंत्रांना अनुमती दिली आहे हे तेथे तपासले जाते आणि मगच कुलूप उघडते. महत्त्वाचा यंत्रभाग बदलला की तोच संगणक सर्व्हरला नवखा वाटू शकतो. सर्व्हरच बंद झाला, तर तपासणारे कोणी उरत नाही.

पुण्यात तयार झालेल्या मराठी अक्षरजुळणीच्या प्रणालींबरोबर एक छोटे कुलूप येत असे, ते अनेक कार्यालयांतील सहकाऱ्यांना आठवत असेल. ते हरवले की काम ठप्प होई, हे खरे. पण निदान ते आपल्या खणात असे!

२००४ मधील 'हाफ-लाइफ २' या खेळापासून ही पद्धत विशेष रूढ झाली. २००८ मध्ये 'स्पोअर' या खेळास प्रारंभी केवळ तीन यंत्रांची मर्यादा होती. ग्राहकांच्या तीव्र नाराजीनंतर ती पाचवर नेण्यात आली. २०१३ मध्ये 'सिमसिटी' हा नगररचनेचा खेळ सर्व्हरवरील ताणामुळे पहिले काही दिवस असंख्य ग्राहकांना खेळताच आला नाही. ३१ मार्च २०२४ रोजी 'द क्रू' या खेळाचे सर्व्हर बंद झाले, आणि एकट्याने खेळण्याचा भागही त्याबरोबर संपला. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली. कॅलिफोर्नियात तर, ग्राहकास केवळ परवाना मिळत असल्याचे स्पष्ट न सांगता 'खरेदी' हा शब्द वापरण्यास १ जानेवारी २०२५ पासून बंदी आहे.

चोरट्या प्रतींना आळा बसावा हा कंपन्यांचा हेतू गैर म्हणता येणार नाही. परंतु चोरट्या प्रतीतील कुलूप आधीच काढलेले असते, आणि जाच होतो तो रीतसर पैसे मोजणाऱ्यास. ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

आपल्याकडे कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार संगणक-प्रणालीचा कायदेशीर धारक नुकसानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत ठेवू शकतो. २०१२ मध्ये आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करते. मात्र राखीव प्रत असली, तरी सर्व्हरच्या होकाराविना ती चालत नाही. सर्व्हर किती काळ चालू ठेवावा, याविषयी या दोन्ही कलमांत काहीही नाही. अशा वेळी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा मार्ग उरतो. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदविता येते. जिल्हा आयोगाकडे जायचे झाल्यास ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात दाद मागता येते. नवघरवासीयांना ठाण्याच्या पलीकडे जाण्याचे कारण नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ती चुकवू नये.

खरेदीपूर्वी वेष्टणावरील बारीक अक्षरांतील 'इंटरनेट आवश्यक' ही ओळ वाचावी. 'गॉग'सारखे काही विक्रेते २००८ पासून अशा कुलपाविना खेळ देतात. त्यांची प्रत उतरवून स्वतःजवळ ठेवता येते. शाळांच्या संगणककक्षातील शैक्षणिक प्रणालींनाही हाच नियम लागू पडतो. तेथे परवान्याची नोंद शिक्षकाच्या खासगी ई-मेलवर न करता शाळेच्या पत्त्यावर करावी, कारण शिक्षकाची बदली झाली की परवानाही त्याच्याबरोबर जातो. परवाना-क्रमांक आणि पावती जडवस्तू-नोंदवहीत चिकटवून ठेवावी, आणि संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्यावरील परवाना मोकळा करून घ्यावा.