उद्देश्य की क्रियासहभागी? : तेनिएर यांचे अवलंबन-व्याकरण आणि मराठी वाक्य

उद्देश्य आणि विधेय असे वाक्याचे दोन भाग पाडण्याची परिपाठी शालेय व्याकरणात दृढ झालेली आहे. ही विभागणी भाषेच्या रचनेतून नव्हे, तर तर्कशास्त्रातून आलेली आहे, असा आक्षेप फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ल्युसियाँ तेनिएर (१८९३–१९५४) यांनी घेतला. त्यांच्या निधनानंतर १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या संरचनात्मक वाक्यविचारावरील ग्रंथात क्रियापद हेच वाक्याचे केंद्र ठरते. क्रियापद म्हणजे एक लहानसे नाट्य. त्यातील पात्रे म्हणजे क्रियासहभागी आणि स्थळकाळ म्हणजे परिस्थिती. उद्देश्य हा येथे केवळ पहिला सहभागी असतो. कर्माप्रमाणे तोही क्रियापदावरच अवलंबून असतो.

मराठीच्या दृष्टीने ही भूमिका महत्त्वाची आहे. ‘शेतकरी बैलजोडी विकतो’ येथे क्रियापद कर्त्यानुसार चालते, ‘शेतकऱ्याने बैलजोडी विकली’ येथे कर्मानुसार; ‘शेतकऱ्याने बैलांना सोडले’ येथे ते कोणालाच अनुसरत नाही. कर्तरी, कर्मणी व भावे या प्रयोगांची व्यवस्थाच दर्शविते की, क्रियापदावरील सत्ता ही कर्त्याची कायमची मिरास नव्हे. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) प्रयोगविचाराला मिळालेले स्थान या संदर्भात लक्षणीय ठरते.

तथापि, सहभाग्यांना क्रमांक दिल्याने प्रश्न संपत नाही. ‘आष्टीच्या बाजारातील बैल पाहून शेतकऱ्याला आपली बैलजोडी आठवली’ हे वाक्य घ्यावे. रूपाच्या निकषाने प्रथमान्त ‘बैलजोडी’ पहिली सहभागी आणि ‘शेतकऱ्याला’ तिसरा. परंतु ‘पाहून’ या क्रियेचा कर्ता शेतकरीच आहे आणि ‘आपली’ हे सर्वनामही त्याच्याकडेच निर्देश करते. म्हणजे परंपरेने उद्देश्यात एकत्र मानलेले धर्म मराठीत दोन पदांत विभागले जातात.

भारतीय परंपरेला हा पेच अपरिचित नाही. शाब्दबोधात वैयाकरणांनी क्रियेला प्राधान्य दिले, तर नैयायिकांनी प्रथमान्त पदाच्या अर्थाला. पाणिनीनेही कर्त्याची व्याख्या विभक्तीवरून न करता क्रियेतील स्वातंत्र्यावरून केली. तेनिएर यांची भूमिका वैयाकरणांच्या निकट जाते. मात्र पाणिनीय व्यवस्थेत कारक आणि विभक्ती यांचे स्तर स्पष्टपणे वेगळे राखलेले आहेत. मराठी वाक्यात अन्विती, अर्थ आणि संदर्भ यांचे निकष स्वतंत्रपणे तपासावे लागतात ते याच कारणाने. ‘कर्ता’ व ‘उद्देश्य’ या संज्ञा पर्यायी म्हणून शिकविल्यास हा भेद विद्यार्थ्याच्या दृष्टीआड होतो.