वॉशिंग मशीनची धडधड

समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचा ड्रम कपडे पिळताना मिनिटाला १००० ते १४०० फेरे घेतो. वेग १२०० आणि ड्रमची त्रिज्या २५ सेंटिमीटर धरली, तर कडेच्या कपड्यावरचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४०० पट भरतो. म्हणजे एका बाजूला गोळा झालेला अर्ध्या किलोचा ओला पंचा ड्रमला २०० किलो वजनाइतके हिसके देतो. पिळतानाच धडधड होत असेल, तर आधी कपडे मोकळे करून पाहावेत. एकटे पायपुसणे हा नेहमीचा गुन्हेगार. मग मशीनचे पाय पाहावेत. वरचे कोपरे दाबून मशीन डुगडुगले, तर अधांतरी पाय फिरवून जमिनीला टेकवावा. नव्या मशीनचे मागचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिले, तर मशीन अक्षरशः खोलीत चालू लागते.

पाणी बाहेर पडताना होणारी खडखड बहुधा नाण्याची किंवा सेफ्टी पिनेची. प्लग काढून, खाली ताटली लावून पंपाचा फिल्टर सावकाश उघडावा.

रिकामा ड्रम हाताने फिरवताना घरघर आली आणि तो वरखाली हलला, तर बेअरिंग गेले. मूळ दुखणे सीलचे: ते झिजले की साबणाचे पाणी आत शिरते, ग्रीस धुऊन जाते, पोलादी गोळ्या गंजतात. टाकीच्या पाठीवर तांबूस ओघळ दिसतो. तेल घालून काही साधत नाही. बेअरिंग आणि सील एकदमच बदलावे लागतात. टाकी सांधून कायमची बंद केलेली असेल, तर बहुतेक वेळा अख्खी टाकीच बदलावी लागते.